मावेनीचं गरम बेअरिंग

माझ्या लग्नाची नोंद दोन ठिकाणी झाली. एक मौलवींच्या वहीत, आणि दुसरी मावेनी स्टेशनच्या रजिस्टरमध्ये, "बिघाड व इतर" या पानावर. मौलवींची वही पुढे वाळवीने खाल्ली. स्टेशनचं रजिस्टर मात्र जाड पुठ्ठ्याचं होतं आणि बाबा त्याला रॉकेलचं बोट लावून ठेवत, म्हणून ते टिकलं.

बाबा मावेनीचे स्टेशनमास्तर. स्टेशन म्हणजे एक खोली, एक पाण्याची टाकी, एक बाजूचा रूळ आणि मागे आमचं घर. बाकी टाबोराच्या दिशेने जंगल आणि दोदोमाच्या दिशेनेही जंगलच. आम्ही मूळचे किनाऱ्याकडचे, झारामो. बाबांना या कोरड्या मुलखात येऊन अठरा वर्षं झाली होती, तरी पाहुणा आला की ते पहिलं वाक्य म्हणत, "इथे नारळ नाही." जणू मघापर्यंत होता आणि आत्ताच कुणीतरी नेला.

मिहायो टाबोराच्या शेडमधला फायरमन. इंजिनात कोळसा घालायचा, तेल द्यायचं, ड्रायव्हरच्या शिव्या खायच्या. त्याच्या गाड्या आमच्याकडे पाणी घ्यायला थांबत. पाणी भरायला वीस मिनिटं लागत. आमचं सगळं प्रेम असं वीस-वीस मिनिटांचं झालं, आणि त्यातलीही पाच तो बेअरिंग तपासण्यात घालवी. मी टाकीशी उभी असायची आणि हा वाकून चाकांजवळ उलटा हात लावत पुढे पुढे सरकायचा. प्रत्येक चाकाशी म्हणायचा, "थंड." पहिल्यांदा मला वाटलं, चाकांशीच बोलतोय. दुसऱ्यांदा खात्री पटली.

त्याने मागणी घातली तेव्हा बाबा म्हणाले, "रेल्वेचा माणूस कधी घरी नसतो. मला विचार, मी रेल्वेचाच आहे."

आई म्हणाली, "तुम्ही तर कायम घरीच असता."

"कारण माझं घर स्टेशनात आहे! त्याचं घर कुठे आहे? धुरात!"

बाबांच्या मनात माझा चुलतभाऊ सेफू होता. दार-एस-सलामला करियाकूच्या बाजारात त्याचं शिवणयंत्र होतं. शिवणयंत्र जागचं हलत नाही, हा त्याचा मोठा गुण. शेवटी आईने दोन दिवस कालवणाशिवाय नुसती मक्याची उगाली खायला घातली, तेव्हा बाबा एका अटीवर तयार झाले. शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर निकाह. मुलगा त्या वेळेला मावेनी स्टेशनात हजर पाहिजे. नसला, तर पुढच्या पॅसेंजरने मी दारला, सेफूकडे.

"स्वतःच्या लग्नाला जो वेळेवर येत नाही," बाबा म्हणाले, "तो जेवायला काय येणार?"

मिहायोने ते कबूल केलं. आठ दिवसांची रजा घेतली. सेफूनेही मोठ्या मनाने लग्नाचा झगा शिवून पाठवला आणि सोबत चिठ्ठी, की लग्न कुणाशीही होवो, कपडा तयार असलेला बरा.

आणि मग कोबे बंद पडली.

कोबे म्हणजे कासव. शेडमधल्या एका म्हाताऱ्या इंजिनाला सगळे तेच म्हणत, चालू असतानाही. दोदोमाला तिच्या बॉयलरच्या नळ्या फुटल्या आणि तिला दुरुस्तीला टाबोराला न्यायचं ठरलं. नेमका मिहायो गाडी घेऊन दोदोमाला गेलेला. साहेब म्हणाला, "तुझी रजा मंजूर आहे की. इंजिन टाबोराला पोचवायचं, मावेनी वाटेतच आहे. लग्नाला फुकट जाशील."

बंद इंजिन न्यायचं म्हणजे गाडीला जोडलं आणि ओढलं, असं नसतं हे मला त्या आठवड्यात कळलं. आधी आग काढून टाकायची, पाणी काढून टाकायचं. मग चाकं फिरवणारे ते लांब लोखंडी दांडे सोडवून वर बांधून ठेवायचे, नाहीतर इंजिन स्वतःलाच आतून खरवडतं. चालत्या इंजिनाच्या पाठीला लगेच जोडायचं नाही, मध्ये चार-पाच डबे ठेवायचे, म्हणजे पुलावर दोन धूड एकदम चढत नाहीत. तासाला पंचवीस किलोमीटरच्या वर जायचं नाही. आणि त्या इंजिनावर एक माणूस बसवायचा. तेलाची झारी घेऊन. गाडी जिथे थांबेल तिथे त्याने उतरून प्रत्येक बेअरिंगला हात लावायचा. हात ठेवता येईनासा झाला, तर इंजिन तिथेच सोडायचं, निवेपर्यंत हलवायचं नाही. त्या माणसाचं नाव कागदावर लिहिलेलं असतं आणि पलीकडच्या शेडने सही देईपर्यंत त्याने इंजिनाला सोडून जायचं नाही. जेवायचं तिथे, झोपायचं तिथे.

कागदावर नाव होतं मिहायोचं.

हे सगळं आम्हाला फोनवर कळलं. स्टेशनांचा तो फोन एकाच तारेवर होता. एकाने उचलला की दोदोमापासून टाबोरापर्यंत सगळ्यांना ऐकू जाई, आणि सगळे ऐकतच. बाबा रिसीव्हर कानाला लावून जरा जास्तच मोठ्याने बोलत.

"काय म्हणता? मंगळवारी फक्त बाही स्टेशनापर्यंत? अरेरे!"

"बुधवारी चढाच्या पायथ्याशी सोडून दिलं? पूर्ण गाडी चढत नाही म्हणून? अरेरेरे!"

आई म्हणायची, "एवढा आनंदाने अरेरे म्हणणारा माणूस मी पाहिला नाही."

गुरुवारी दुपारी फोनवर मन्योनीचे मास्तर म्हणाले, "पाझीसाहेब, तुमचा जावई चढ चढून आला बरं का. आमच्याकडे मेंढ्यांच्या शर्यतीएवढी उत्सुकता आहे." मध्येच तिसऱ्याच स्टेशनचा आवाज आला, "मी त्याच्या बाजूने आहे." मग चौथा, "मी शिवणयंत्राच्या बाजूने."

बाबा म्हणाले, "ही रेल्वेची तार आहे!" आणि हळूच विचारलं, "जास्त कुणाच्या बाजूने आहेत?"

त्याच गुरुवारच्या पॅसेंजरने टाबोराहून मौलवी आले आणि मिहायोची आजी आली. कालुंदेआजी. उंच, काळीभोर, दोन दातांची, डोक्यावर मधाचा डबा. तिने फलाटावर पाय ठेवला, बाबांना नखशिखांत पाहिलं, त्यांच्या डोक्यावरची रेल्वेची टोपी उचलली आणि स्वतः घातली.

"नारळाखाली झोपणारे इथे उन्हात कशाला आले?" ती म्हणाली. "टोपी मला दे. तुझ्या डोक्यात सावली ठेवण्यासारखं काही नाही."

आमच्या स्टेशनात असं कुणी बोललं असतं, तर बाबांनी त्याचं तिकीट फाडलं असतं. पण कालुंदेआजी न्याम्वेझी आणि आम्ही झारामो. आमच्या दोन जमातींत उतानीचं नातं आहे. कधीकाळी न्याम्वेझी हमाल ओझी घेऊन किनाऱ्याला येत, तेव्हापासूनचं. उतानी असलेल्या माणसाने तुम्हाला काहीही म्हणावं, तुमची वस्तू उचलून न्यावी, लग्नात गोंधळ घालावा, मयतात खड्ड्यात उतरून बसावं. तुम्ही उलटून काहीही म्हणावं. एकच गोष्ट करायची नाही. रागवायचं नाही. रागावलात की तुम्ही हरलात, आणि ते पुढच्या तीन पिढ्या लोक सांगतात.

बाबा दात दाखवून हसले. "ओझी वाहणाऱ्यांच्या डोक्याला टोपी बसली, हेच नवल. मधे सपाट झालं असेल ना?"

"झालंय की. त्यावर तुझ्यासारखे चार झारामो बसवून आणीन."

ती टोपी आजीने काढलीच नाही. शुक्रवारी सकाळच्या गाडीला हिरवा झेंडा बाबांनी उघड्या डोक्याने दाखवला आणि शेजारी आजी टोपी घालून सलाम ठोकत उभी. ड्रायव्हरने सलाम तिला केला.

शुक्रवार उजाडला तो असा. मौलवी जुम्म्याच्या नमाजासाठी तीन कोसांवरच्या गावात सायकलने गेले, असरपर्यंत परत येतो म्हणून. घरामागे पिलावाचा मोठा हंडा चढला. माझ्या हातापायांना मेंदी लावून मला खिडकीच्या खोलीत बसवलं. नवरीने बाहेर पडायचं नाही, काही धरायचं नाही, बोलायचं नाही. मी तिन्ही गोष्टी करण्याच्या बेतात होते.

अकरा वाजता फोन आला. मालगाडी इटिगीहून निघाली, कोबे सोबत, सगळं ठीक. बाबांनी लाइन मोकळी दिली. ते त्यांनी थांबवून धरलं असतं तर कुणाला कळलं नसतं. कळलं असतं म्हणा, सगळे ऐकत होते. पण बाबा तसे नव्हतेच. आई सांगायची, त्यांनी कधी गाडीची वेळ एक मिनिटाने खोटी लिहिली नाही.

सव्वादोनला धूर दिसला. गाडी आली. आधी चालतं इंजिन, मग पाच डबे, मग कोबे. थंड, गप्प, धुळीने पांढरी, आणि तिच्या दारात मिहायो. चार दिवसांची दाढी, अंगभर तेल, हातात झारी. मी खिडकीच्या जाळीला नाक लावलं.

"पोचला!" आई ओरडली.

"कुठे पोचला?" बाबा म्हणाले. "गाडी पाणी घेणार, पावणेतीनला सुटणार. असर पावणेचारला. मौलवी अजून गावात. तेव्हा हा कुठे असेल? पुढच्या जंगलात."

गाडीचा गार्ड मुशी, किलीमांजारोकडचा चाग्गा, घड्याळाला फार मानणारा माणूस. तो खाली उतरला. आईने त्याला धरलं.

"मुशीभाऊ, एक तास थांबा की."

"आई, मालगाडी लग्नाला थांबते असं कुठे लिहिलंय?"

"मग ह्याला उतरवा. दुसरा कुणी बसवा इंजिनावर."

"कागदावर ह्याचं नाव आहे. टाबोराची सही होईपर्यंत हा इंजिनाचा आणि इंजिन ह्याचं."

"मग मुलीला सोबत न्या! टाबोराला लावू लग्न!"

यावर बाबाच म्हणाले, "पाझीची मुलगी मालगाडीने सासरी जाणार नाही. मी एकच अट घातली होती."

मग सगळ्यांचं लक्ष एकदम बेअरिंगांकडे गेलं. नियम सगळ्यांनाच पाठ होता. एक जरी बेअरिंग गरम निघालं, तरी इंजिन इथेच सोडावं लागणार. गार्ड मुशीने चष्मा पुसला.

मिहायो खाली उतरला आणि लागला कामाला. उलटा हात. "थंड." पुढचं चाक. "थंड."

"नीट बघ," आई म्हणाली.

"बघतोय ना, आई. थंड."

"घाई करू नकोस. एखादं जरा... कोमट?"

"अहो आई, दोदोमापासून मी एका बेअरिंगला कोमट होऊ दिलेलं नाही!"

मी आतून पाय आपटला. मेंदी जमिनीला लागली. मग आईला खिडकीशी बोलावून सांगितलं. ती परत गेली आणि मोठ्याने म्हणाली, "जावईबापू, सिकुधानी विचारतेय. एकही गरम नाही का?"

मिहायोचा चेहरा उजळला. त्याने खिडकीकडे पाहून तेलाचा हात छातीवर ठेवला.

"तिला सांगा, काळजी करू नकोस म्हणावं. या बाजूला एकही नाही, पलीकडेही नसणार!"

आई कपाळाला हात लावून खाली बसली. आणि बाबा? बाबा त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. गार्डला हळूच म्हणाले, "एक शब्द खोटा बोलला असता तर लग्न झालं असतं ह्याचं."

"बोलला नाही," मुशी म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. गाढव आहे." पण ते शिवी दिल्यासारखं वाटलं नाही.

एवढं होईतो कालुंदेआजी कुठे होती, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. घरामागे मोठ्या हंड्यातला थोडा भात छोट्या हंड्यात काढून आचाऱ्याने तो मातीच्या शेगडीवर दमाला ठेवला होता. आजीने आचाऱ्याला बाजूला सारलं, खांग्याच्या, म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेल्या कापडाच्या, दोन टोकांनी शेगडीसकट छोटा हंडा उचलला, तसाच डोक्यावर घेतला, टोपीवरून, आणि कोबेच्या पलीकडच्या बाजूला सावलीत जाऊन बसली. सावलीत बसली म्हणजे चाकाला खेटून. हंडा उतरवून शेजारी ठेवला. शेगडी सरकवली ती थेट मधल्या चाकाच्या बेअरिंगखाली. निखाऱ्यांवर फुंकर मारली आणि चाकांच्या फटीतून मला, खिडकीतल्या मला, डोळा मारला.

तिने पंख्यासारखी बाबांची टोपी वापरली.

मिहायो अलीकडची बाजू संपवून, तेल देऊन, प्रत्येक नट ताणून बघून पलीकडे जाईपर्यंत वीस मिनिटं गेली. या माणसाच्या सावकाशपणाला मी आयुष्यात पहिल्यांदा दुवा दिला. तो पलीकडे वळताना आजी उठली, शेगडी खांग्याखाली, हंडा वर, आणि कुरकुरत निघाली, "या इंजिनाची सावलीसुद्धा गरम आहे."

"थंड," मिहायो म्हणाला. "थंड. थं... आई गं!"

तो हात झटकत नाचायला लागला.

"काय झालं?" बाबा धावले.

"गरम! बाबा, गरम आहे! असं कसं? इटिगीला थंड होतं! मी स्वतः तेल घातलं होतं!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, चटक्याने नव्हे. "माझ्या हातून चुकलं. तेल कमी पडलं. मी... मी झारी आणतो!" आणि तो इंजिनावर चढून गेला.

बाबांनी हात लावला. झटकला. गार्डने हात लावला. झटकला. मग गार्ड खाली वाकला आणि नाक पुढे करून हुंगायला लागला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "हे लवंगेचं तेल आहे का?"

बाबांनी हुंगलं. वेलदोडा, लवंग, दालचिनी. बेअरिंगच्या पेटीला खालून काजळी होती आणि काजळीत भाताचं एक शीत अडकलं होतं. बाबांनी ते नखाने काढलं आणि सावकाश मान वळवली. कालुंदेआजी फलाटावर उभी राहून बाबांच्या टोपीतली राख झटकत होती.

बाबांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळा, मग पुन्हा लाल. मुठी आवळल्या गेल्या. अठरा वर्षांत त्यांच्या स्टेशनात असला अपराध झाला नव्हता.

आजी गोड आवाजात म्हणाली, "राग आला का रे, झारामो?"

चालत्या इंजिनाचा ड्रायव्हरसुद्धा बाहेर वाकून बघत होता. आतल्या खोलीतला फोन उचललेला होता, आणि तारेवर सात स्टेशनं श्वास रोखून होती.

"राग?" बाबा म्हणाले. त्यांनी ओठ ताणले. हसू म्हणून जे काय निघालं ते बघून मुशी एक पाऊल मागे सरला. "मला? न्याम्वेझींचा? ह्यॅ! बाई, राग यायला समोर माणूस लागतो."

"मग ठीक," आजी म्हणाली आणि टोपी पुन्हा घातली.

"पण मास्तर," गार्ड कुजबुजला, "हे तर शिजवलेलं बेअरिंग आहे."

बाबांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढलं. ते ते पिलावाच्या दिवशीही खिशात ठेवत. बराच वेळ वाचलं. मी जाळीला इतकी चिकटले होते की नाकावर चौकटी उमटल्या, त्या निकाहाच्या वेळेपर्यंत गेल्या नाहीत.

"मुशी," शेवटी बाबा म्हणाले, "हात ठेवता येतो का, एवढंच इथे विचारलंय. ठेवता येतो?"

"नाही."

"वासाबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"मग कोबेला बाजूच्या रुळावर घ्या."

मुशीने घड्याळ पाहिलं, बाबांकडे पाहिलं, मग घरामागच्या मोठ्या हंड्याकडे पाहिलं. "तिथला भात तरी इंजिनाखाली ठेवलेला नाही ना?"

डबे सोडून, कोबेला बाजूला ढकलून, पुन्हा डबे जोडून गाडी सुटायला सव्वातीन झाले. मुशीच्या डब्यात केळीच्या पानात बांधलेलं मोठं गाठोडं गेलं.

मौलवी सायकलवरून उतरले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की नवरा आलाय, पण इंजिनावरून उतरू शकत नाही.

"आजारी आहे?"

"इंजिन आजारी आहे," आई म्हणाली.

तेव्हा मौलवी शिडीने वर चढले. साक्षीदार चढले. मिहायोने तोंड धुतलं होतं, पण फक्त पुढून. असर झाली आणि बाबा माझी संमती विचारायला खिडकीशी आले.

"सिकुधानी, पाझीची मुलगी, तुला हा..."

"हो."

"तीनदा विचारायचं असतं. पहिल्या दोन वेळा मुलीने लाजून गप्प बसायचं असतं."

"बाबा, तोवर बेअरिंग निवेल."

बाबा रुळांवरून ढांगा टाकत गेले, वर चढून "हो म्हणते" म्हणाले. वरून मिहायोचा "कबूल" ऐकू आला, इतका मोठा की टाकीवरची कबुतरं उडाली. आणि स्टेशनच्या खोलीतून, टांगलेल्या रिसीव्हरमधून, सात माणसांचा बारीक जल्लोष आला. त्यातला एक म्हणत होता, "शिवणयंत्र हरलं!"

आता खरी पंचाईत. लग्नानंतर आमच्यात सात दिवस फुंगाते असतं. नवरानवरी एका खोलीत, बाहेर पडायचं नाही, जेवण दाराशी येतं, आणणाऱ्याने आत बघायचं नाही. आणि कागदावर लिहिलं होतं, मिहायोने इंजिन सोडायचं नाही.

आईने आणि कालुंदेआजीने एकमेकींकडे पाहिलं. तासाभरात कोबेच्या केबिनला चहूकडून चटया आणि खांगे लागले. धुतलेल्या भट्टीत मध, आंबे आणि माझ्या बांगड्या ठेवायची सोय झाली. मी सेफूच्या झग्यात शिडी चढले. झगा मला कमरेत घट्ट होता आणि त्यावर जे तेल लागलं ते अजून आहे.

जेवण कोळशाच्या लांब फावड्यावरून यायचं. आई तोंड फिरवून फावडं पडद्याखालून आत सरकवायची, आम्ही वाटी उचलायची, फावडं परत. एकदा आजीने फावड्यावर नुसती बाबांची टोपी पाठवली. जाणारी प्रत्येक गाडी आमच्यापाशी शिट्टी मारायची. सिग्नल नसताना शिट्टी मारू नये असा नियम आहे.

आणि रोज सकाळी सहा वाजता टाबोराच्या कंट्रोलचा बाबांना फोन यायचा. बेअरिंग निवलं का, इंजिन उचलायला गाडी पाठवू का?

बाबा इंजिनापाशी यायचे. आम्हाला कळावं म्हणून लांबूनच खोकायचे. बेअरिंगला हात लावायचे. पहाटेच्या थंडीत ते लोखंड माठासारखं गार असायचं, मी स्वतः लावून पाहिलंय. बाबा तिथे थोडा वेळ उभे राहायचे. मग परत जाऊन सांगायचे, "गरम."

चौथ्या दिवशी कंट्रोलवाला म्हणाला, "मास्तर, उभं असलेलं इंजिन चार दिवस गरम कसं राहतं?"

"मावेनीला ऊन फार."

"पहाटे सहाला?"

"लोखंड आहे," बाबा म्हणाले. "मनात धरून बसतं."

तारेवर कुणीतरी हसलं. बाबा ओरडले, "ही रेल्वेची तार आहे!" आणि रजिस्टरमध्ये स्वच्छ अक्षरात लिहिलं: गरम.

आठव्या दिवशी त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "थंड." दुपारच्या मालगाडीला कोबे जोडली. मी खाली उतरायला लागले तर बाबा म्हणाले, "कुठे निघालीस? नवऱ्याला वाटेत सोडून देणार?" म्हणजे पाझीची मुलगी मालगाडीने सासरी गेलीच, तीही बंद इंजिनात, तासाला पंचवीस किलोमीटर. कालुंदेआजी शेवटच्या डब्यात गार्डशेजारी बसली होती. गाडी हलल्यावर तिने टोपी फलाटावर भिरकावली. बाबांनी ती झेलली, हुंगली आणि घातली. त्या टोपीला शेवटपर्यंत लवंगेचा वास येत असे.

बाबा गेल्यावर नव्या मास्तरांनी मला ते रजिस्टर दाखवलं. त्या शुक्रवारच्या ओळीत "बिघाड: बेअरिंग गरम" आणि "कारण" या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं, "भात." त्याखाली ओळीने सात वेळा "गरम." सातही वेळा अक्षर एकसारखं, हात कुठे थरथरलेला नाही.

मिहायोला मात्र आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्याच्या नाकाला तेलाशिवाय कसला वास कळत नसे, आणि खरं कळलं असतं तर टाबोराला जाऊन साहेबासमोर त्याने ते सांगून टाकलं असतं. पुढे तो ड्रायव्हर झाला, नातवंडं झाली, निवृत्त झाला. पण रात्री जेवताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "त्या मधल्या बेअरिंगला मी तेल कमी घातलं असणार." नातवंडांना धडा म्हणून सांगायचा. आजोबांच्या आयुष्यातली एकच चूक.

चाळीस वर्षं मी ते ऐकलं. मग एका दुपारी, पिलाव वाढताना, मला राहवेना. मी सगळं सांगितलं. शेगडी, टोपीचा पंखा, शीत, बाबांचं रोजचं खोकणं.

त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता म्हणेल, तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी किती केलंत. किंवा निदान म्हणेल, तू जाळीला नाक लावून बसली होतीस का गं.

त्याने घास ताटात ठेवला. चेहऱ्यावर अशी शांती पसरली की तशी मी निकाहाच्या दिवशीही पाहिली नव्हती.

"म्हणजे," तो म्हणाला, "तेल बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मला वाटलंच होतं!" म्हणाला, आणि दुसऱ्यांदा पिलाव मागितला.